आकाराम गुळव्याची अट

आकाराम गुळव्याचं नाक मोठं आणि तोंड त्याहून मोठं. तरी कृष्णाकाठी गुऱ्हाळ लागलं की पहिलं बोलावणं त्यालाच. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीच्या झाडाचं चिकट पाणी ओतून तो मळी काढायचा. त्याचा गूळ दिसायला काळसर, पण खाणारा बोटं चाटत बसायचा.

चौऱ्याहत्तर साली गुऱ्हाळाचे मालक हंबीररावांनी सांगलीहून पांढऱ्या पावडरीचा डबा आणला. चमचाभर टाकली की गूळ पिवळाधमक, आणि पेठेत तसल्याच गुळाला उठाव! आकारामनं झाकण उघडलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"मालक, हे पोटात जाऊन काय करतंय, कुणाला ठावं हाय?"

"समदी टाकत्यात. तू टाक."

"टाकतो की. पर आदुगर आपल्या विजयमालाताईला ह्यातला खडा द्या."

विजयमाला ही हंबीररावांची लेक. पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. हंबीरराव गडबडले. "तिच्या लाडवांसाठी बिनपावडरीचं एक आधण निराळं काढ की!"

"मग सांगली-मिरजंत बाळंतिणी न्हाईत व्हय?"

झालं, भडका उडाला. "चालता हो!" हंबीरराव गरजले. आकारामनं धोतर झटकून घरची वाट धरली. ऐन हंगामात काम गेलं, म्हणून बायकोनं, शालूबाईनं, त्याचा यथेच्छ उद्धार केला. खरं सांगायचं तर त्यालाही फार वाईट वाटलं. दुसरा गुळव्या आला आणि पिवळ्या ढेपा गाडीभर सांगलीला गेल्या.

महिन्याभरानं बारसं झालं. विजयमालाची सासू मिरजेहून थाटात आली. "सुनंच्या लाडवांसाठी पेठेतला एक नंबर गूळ आणलाय बघा!" म्हणत तिनं ढेप पुढं ठेवली. ढेपेच्या फडक्यावर निळ्या शाईत हंबीररावांचंच नाव छापलेलं.

बायका कौतुकानं बघत होत्या. लेकीनं खडा मोडून तोंडाकडं नेला मात्र, हंबीररावांनी सगळ्यांदेखत तिचा हात धरला. "नको पोरी. आपलाच हाय त्यो." विहीणबाई फुगून बसल्या, पण हंबीररावांना आता कुणाची पर्वा नव्हती. ते उठले ते थेट आकारामच्या दारात.

"गड्या, भेंडी कुठं मिळंल रं?"

"माझ्या परड्यात हाय की," आकाराम चपला घालत म्हणाला. "पर मालक, गाडीभर गेला, त्यो कुणाकुणाच्या लाडवांत पडला आसंल वं?"

हंबीररावांनी धोतर वर खोचलं. मग दोघं भेंडी उपटायला गेले.