ऋतुजानं माग थांबवला

मी कळमन्याच्या बाजारात धान्य तोलतो. नववी शिकलो. पण माह्या बहिणीसारखी सिनेमावाली साऱ्या नागपुरात दुसरी दाखवा, मी कबूल करतो!

ऋतुजा प्रताप नगरात लग्नाचे व्हिडिओ जोडते. सुट्ट्यायमध्ये तिनं स्वतःचा सिनेमा बनवला. सख्खा काकाच पोरीवर हात टाकते, अशी गोष्ट. आम्ही विणकर, गोष्टही विणकराच्या घरातली. म्हणून तिले तो पहिले आमच्याच समाजाच्या हॉलात लावायचा होता. अध्यक्ष मनोहरराव म्हणाले, "आधी आम्ही पाहू. नाही पटला तं हॉल भेटणार नाही."

सिनेमा पाहाले कमिटीचे पाच जण हॉलात आले. मनोहररावची म्हातारी आई कौसल्याबाई हट्टानं सोबत आली.

"असला घाणेरडा सिनेमा काहून बनवतं वं? लोकायले हसव ना जरा," मनोहरराव म्हणाले.

"हसवणारे लय हायेत काका," ऋतुजा म्हणाली. "हा मोठ्यायसाठी हाये. लेकरं बाहेर ठेवा."

सिनेमात काका घरात मागावर विणून राहिला होता. पोरगी चहा घेऊन आत गेली. मी मान खाली घातली, भाऊ आहो ना. पण कॅमेरा आत गेलाच नाही! गल्लीतच उभा राहिला. आतून मागाची खटखट. अन् मंग खटखट बंद.

आमच्या गल्लीत भर दुपारी माग थांबला का शेजारीण दारातून आवाज देतेच, "काय झालं गा?" सिनेमातली शेजारीण तांदूळ निवडत राहिली. एक मिनिट गेलं. दोन गेले.

"माग बंद पडला ना!" कौसल्याबाई पडद्यावर ओरडली. "जाऊन पाहा ना कोणी!"

खटखट पुन्हा सुरू झाली. पोरगी बाहेर आली. कप भरलेलाच होता, वर साय धरलेली.

लाइट लागले. ऋतुजा माह्या मांडीवर खेळलेली पोरगी, पण मले तिच्याकडं पाहाची हिंमत होईना. एवढं हिच्या डोक्यात कुठून आलं?

"दाखवलं तं काहीच नाही," मनोहरराव पुटपुटले. "पण लोकायले हे पाहवणार नाही."

"नाही पाहवत तं नको पाहवू दे," कौसल्याबाई म्हणाली. "आपल्या शेजारी असाच माग थांबला होता, तू लहान होता तवा. मी आयकलं. उठली नाही."

मंग ती ऋतुजाकडं वळली.

"रविवारी लाव वं पोरी. माणसायले पुढं बसव, बायायले मागं."

मनोहररावनं खिशातून हॉलची किल्ली काढली अन् ऋतुजाच्या हातात ठेवली.