पेशींचा पाहुणचार

यवतमाळच्या आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या चंबूंमध्ये कपाशीच्या पेशी वाढवतात. आमचे सर आर्णीकडचे. शिक्षण मोठं, पण खाऊ घालायचा सोस त्याहून मोठा. डबा उघडला की समोरच्याच्या ताटलीत झुणका पडलाच. "घ्या न जी, लाजता कायले?"

पेशींनाही ते पाहुण्यांसारखंच वागवत. नायट्रोजनसाठी नायट्रेट जास्त आणि अमोनियम थोडं, हे पेशींचं ठरलेलं खाणं. सरांना ते उपासाचं वाटे. अमोनियम म्हणजे त्यांच्या लेखी युरियाचा सख्खा भाऊ. "वावरात युरिया पडला का पऱ्हाटी कशी हिरवीकंच होते! यायले काहून उपाशी मारून राह्यले?" असं म्हणून त्यांनी चंबूंची एक अख्खी रांग नुसत्या अमोनियमवर ठेवली, तेही दुप्पट.

काही दिवसांत ती रांग काळी पडली. शेजारची नेहमीची रांग मजेत फुगत होती. नेमके तेव्हाच पाहणीला वरचे साहेब आले.

"हे काळं काय?"

सर जराही अडखळले नाहीत. "पिकून राह्यलं, साहेब."

साहेबांनी समाधानानं मान हलवली.

ते गेल्यावर सरांनी मेलेल्या पेशींचे चंबू कुणाला हात लावू न देता स्वतः घासले. "पचलं नसन त्यायले," एवढंच पुटपुटले. मला वाटलं, समजलं यांना.

दुपारी डबे उघडले. सरांनी माझ्या ताटलीत आणखी एक भाकर टाकायला हात पुढे केला. मी घाईनं ताटलीवर हात आडवा धरला.

बिचाऱ्या पेशींना हात नव्हते.