लावणीच्या आठवड्यातले राजीनामे

“आधी ऐका, मंग घ्या.”

खिडकीतून कागद आत सरकवण्याआधी आबा हे म्हणत. मग टोपी काढून काखेत धरत आणि अर्ज ‘प्रति’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत खणखणीत वाचून दाखवत. मागे कितीही रांग असो. रांगेतून कुणी ओरडे, “आबा, मॅडमला वाचता येतं!” मागे न बघता ते म्हणत, “येतंय की. पर उद्या त्या म्हनल्या, कागद मिळालाच न्हाई, तर तू साक्षीला हायेस ना? मंग गप ऐक.”

गेल्या वर्षापर्यंत मी महामार्गालगतच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. हजेरी, रजा, गेटपास, सगळं माझ्या खिडकीतून. आबा मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीतले. पत्रे दाबणाऱ्या प्रेसखात्यात अठरा वर्षं, आणि अठराही वर्षं ठेकेदाराचे कामगार. त्यांचं नाव लिहीत नाही. ते कंपनीने बऱ्याच कागदांवर लिहिलं आहे, आणि त्यातला एकही कागद खरा नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली आहेत. सकाळी नसरापूरला वेल्ह्याची एसटी थांबली की एकाच रंगाचे शर्ट घातलेले लोक उतरतात. छातीवर कंपनीचं नाव, गळ्यातल्या कार्डावर ठेकेदाराचं. कायम व्हायचं तर नोकरी सलग लागते, आणि ती सलग होऊ न देणं हे काही लोकांचं पगारी काम असतं. आमच्याकडे त्यासाठी फार डोकं चालवावं लागत नसे. पावसाळा ते काम करून देई.

भाताची लावणी आली की वेल्ह्या-भोरकडची माणसं कामावर येत नाहीत. आळस म्हणून नव्हे. तिकडे लावणी सावडीने होते. आज तुमच्या खाचरात सगळी वाडी, उद्या माझ्या. कुणाच्या खाचरात कधी पाणी उभं राहील हे कुणी सांगू शकत नाही. राहिलं की जायचं. सावड चुकवली तर पुढच्या वर्षी तुमच्या खाचरात कुणी पाय घालत नाही.

आणि आमच्या रजेच्या फॉर्मवर छापलेलं असे: तीन दिवस आधी अर्ज द्यावा, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत. माणसं तो बघून हसायची. “पावसाला इचारून सांगतो, मॅडम,” म्हणायची आणि अर्ज न देताच जायची. चूक म्हणाल तर एवढीच. परत आली की गेटवर ठेकेदाराचा माणूस टेबल मांडून बसलेला. टेबलावर इंग्रजीत टाइप केलेला कागद: मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे. सही केली की नवं कार्ड आणि नवी रुजू तारीख. शर्ट तोच, मशीन तेच. लोकांना वाटे, खाड्याचा कागद असेल. घरच्या भातासाठी आठवडाभर गेलेला माणूस दर पावसाळ्यात असा नवा कोरा कामगार होऊन आत यायचा. जुना गेटवरच संपायचा.

आबांनी एका वर्षी तो कागद खिशात घालून नेला आणि वेल्ह्यात तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्याकडून त्याचा अर्थ करून घेतला. मग भोरला युनियनमध्ये आयुष्य काढलेल्या एका म्हाताऱ्या कामगाराला गाठून संघटना कशी बांधतात ते समजून घेतलं. पहिली बैठक त्यांनी बोलावली ती खाचरात. सगळे एका जागी आणखी कुठे सापडणार? गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावता लावता ठराव मांडला: पुढच्या वर्षापासून प्रत्येकाने महिनाभर आधी लावणीच्या पंधरवड्याचा रजेचा अर्ज द्यायचा.

“ज्यास्नी मंजूर त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर येईना. सगळ्यांच्या दोन्ही हातांत रोपं. शेवटी पासली गावचा एक जण म्हणाला, “आबा, उलटं करा. नामंजूर असंल त्यानं सरळ उभं ऱ्हावा.”

कुणी उभं राहिलं नाही. कमरा वाकलेल्याच राहिल्या. “लई बैठका जाल्या असतील दुनियेत,” आबा मला हसत सांगत, “पर कंबार मोडून मंजूर झालेला ठराव आमचाच.”

पुढच्या जूनमध्ये ते गठ्ठा घेऊन खिडकीशी आले. पहिला अर्ज पूर्ण वाचला. “बाकीचं बी असंच हायेत, पर नावं वाचतो,” म्हणाले, आणि एकूण एक नाव वाचलं. मी ऐकलं. मग त्यांनी दुसऱ्या प्रतींचा गठ्ठा पुढे केला. “आता पोच द्या, ताई.”

आमच्या साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, एकाही अर्जावर शिक्का मारायचा नाही. मी म्हणाले, “शिक्का साहेबांकडे आहे. ठेवून जा, संध्याकाळी देते.”

शिक्का माझ्या खणात होता.

“तुमी म्हनताय म्हंजे झालं,” असं म्हणून ते दोन्ही गठ्ठे ठेवून गेले. संध्याकाळी ते गठ्ठे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. परत आले नाहीत.

लावणी करून माणसं आली तेव्हा टेबल मांडलेलंच होतं. या वेळी कुणी सही केली नाही. आठवडाभर सगळे गेटबाहेर उभे राहिले. मग घरी चूल पेटवायची असलेले एकेक जण सही करून आत आले. त्यांना मी बोल लावत नाही, आबांनीही लावला नाही. आबा सगळ्यांत शेवटी आले. इंग्रजी मजकुराखाली त्यांनी सावकाश लिहिलं: ‘मी राजीनामा दिलेला नाही. मी लावणीला गेलो होतो.’ आणि मग सही केली.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “लिव्हा, लिव्हा. इंग्रजीच्या खाली मराठी कोन वाचतंय?”

तेव्हापासून दरवर्षी सगळे जण ती ओळ लिहू लागले. तिच्या जोरावर संघटनेने पुण्याला कामगार न्यायालयात दावा लावला, पहिलं नाव आबांचं. कंपनीने पुरावा म्हणून राजीनामे दाखल केले. त्यांच्या झेरॉक्स मी काढल्या. खालच्या ओळीवर कोरी पट्टी ठेवा, असं साहेबांनी सांगितलं. मी ठेवली. इतकी नीट ठेवली की पट्टीची कडसुद्धा उमटली नाही. मूळ कागद गोदामात भिजले, असं कंपनीच्या वकिलाने कोर्टात सांगितलं. आमचं गोदाम मी आतून पाहिलं आहे. तिथे एक थेंब गळत नव्हता.

त्यानंतर आबा एकदा रिकाम्या हातांनी खिडकीशी आले.

“ताई, कोर्टात येवढंच सांगा. अर्ज आलं व्हतं. म्या वाचलं, तुमी ऐकलं.”

“आबा, माझ्या नोकरीचं काय होईल?”

“तुमी पर्मनंट हाय ना?”

“हो.”

“मंग? पर्मनंट मानसालाच येवढं भ्या असंल, तर आमी कशापायी भांडतोय?”

मला राग आला. त्यांचाच आला, हे सांगायला आज लाज वाटते. मी काचेची खिडकी ओढून घेतली. कोर्टात गेले नाही. तारखा पडत राहिल्या.

गेल्या वर्षी लावणी उरकून आबा आले, ती ओळ लिहून सही केली आणि कामाला लागले. दोन महिन्यांनी प्रेसवरच छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. कंपनीने दोन मिनिटं मशीन बंद ठेवली आणि तो वेळ शिफ्टमध्ये भरून काढला. दुसऱ्या दिवशी वारसाचा फॉर्म तयार करायचं काम माझ्याकडे आलं. माहिती कॉम्प्युटर आपली आपणच भरतो. मी फक्त छापून घेतला आणि वाडीवर गेले.

आबांच्या मालकीण ओट्यावर बसल्या होत्या. चौथी शिकलेल्या. मी सही कुठे करायची ते दाखवत होते, पण त्यांचं बोट वरूनच एकेक ओळ लावत खाली येत होतं. एका ओळीवर ते थांबलं.

“ह्ये दोन म्हयनं कशाचं?”

“नोकरीचे,” मी म्हणाले. “एकूण नोकरी.”

त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

“मंग येवढी वर्सं पहाटं उठून ह्ये जात कुठं व्हते, बाई?”