दोरा

दीड वाजला की चाचा डबा बाजूला सारायचे, डावा हात छातीवर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. ओठ हलत नसत, नुसता श्वास आत-बाहेर. कुणी विचारलंच, तर डोळे न उघडता म्हणायचे, "काही न्हाय, ऐकतोय."

धाराशिवच्या आमच्या कचेरीत ते नकाशे उतरवून काढायचे. बेंबळीहून रोज एसटीनं येत. त्यांच्या गुरूनं, म्हणजे मुर्शिदनं, तरुणपणी त्यांना एवढंच शिकवलं होतं: प्रत्येक श्वासाबरोबर मनात नाव घ्यायचं आणि आत कान द्यायचा. मी देव न मानणारा माणूस. एकदा चेष्टेनं विचारलं, की आत नेमकं काय वाजतं? ते हसले. म्हणाले, "सर, तुमच्याही आत हाय. तुम्ही फाईलच लई जोरात उलटता."

मला ते आवडत, कारण ते काही विकत नव्हते. कुणी ताईत मागितला, पाणी फुंकून मागितलं, की हात जोडत. मुर्शिदनं जाताना शब्द घेतला होता म्हणे, या वाटेचा बाजार मांडायचा नाही.

आमचा शिपाई बाळू भूमकडचा. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीला ताप चढला आणि झटके येऊ लागले. गावात सगळे म्हणाले, बाहेरचं झालंय. बाळू तडक कचेरीत आला आणि चाचांच्या टेबलाशी उभा राहिला. त्याला फक्त एक दोरा हवा होता.

"माझ्याकडं तसलं काही न्हाय," चाचा म्हणाले. "लेकराला दवाखान्यात न्या. आत्ता न्या."

मीही तेच सांगितलं. बाळूनं मान हलवली आणि गेला. पण त्याच्या मनात बसलं, की आपण दुसऱ्या धर्माचे म्हणून चाचा देत नाहीत. त्यानं मुलीला कुठल्याशा वस्तीवरच्या भगताकडं नेलं. त्या माणसानं तिला तीन दिवस धुरात बसवलं. चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याकडं आणताना ती जीपमध्येच गेली.

चौदाव्या दिवशी बाळू कामावर आला. चाचांसमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"तुम्ही दिला असता, तर मी दुसरीकडं गेलोच नसतो."

चाचांच्या हातातला पेन तसाच राहिला. नकाशावर शाईचा डाग पसरत गेला.

संध्याकाळी स्टँडवर मी त्यांची समजूत घालत होतो, की तुम्ही खरं तेच बोललात, यात तुमचा काय दोष. ते गाड्यांकडं बघत म्हणाले,

"खरं बोललो, सर. पण ते माझ्यासाठी बोललो. माझी वाट साफ ऱ्हावी म्हणून. लेकराकडं बघितलंच न्हाय."

त्यानंतर दीड वाजता ते डोळे मिटून बसलेले मला दिसले नाहीत. वर्षभरात निवृत्त झाले.

पुढं कानावर आलं, की चाचा बेंबळीत दर गुरुवारी दोरे बांधतात. मला संताप आला. मी मुद्दाम गुरुवार गाठून गेलो. ओसरीवर पाच-सहा बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. चाचांनी एका तापलेल्या पोराच्या मनगटाला काळा दोरा बांधला आणि त्याच्या आईला बजावलं, "हा दोरा दवाखान्याची पायरी चढल्यावरच लागू पडतो. आज चढला न्हाईत, तर उतरला समजा."

ती बाई उठली आणि थेट स्टँडकडं निघाली.

बायका गेल्या. तेच बोलू लागले. त्यांच्या पीरभाईंनी, म्हणजे त्याच मुर्शिदच्या शिष्यांनी, येणं-जाणं तोडलं होतं. चाचांनी शब्द मोडला होता, पीरभाईंचं चूक नव्हतं. मी विचारलं, अजून बसता का डोळे मिटून?

"बसतो की. रोज बसतो." त्यांनी छातीवरची बंडी नीट केली. "आता आत काही ऐकू येत न्हाय."

 माझ्यासारख्या नास्तिकाला तर आनंद व्हायला हवा होता.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. मातीला पीरभाई आले नाहीत. बाळू आला होता, लांब उभा होता.

मध्यंतरी बेंबळीला गेलो, तर घराला कुलूप होतं. तरीही गुरुवारी लोक येतातच, असं शेजाऱ्यानं सांगितलं. तो त्यांना चाचा वारल्याचं सांगतो आणि दवाखान्यात जा म्हणतो. लोक ऐकून घेतात. मग लेकराला खांद्यावर टाकून बरेचजण आपापल्या घराकडंच वळतात.