बेबाबाईच्या फोनमधली भूमी

बोदवडच्या कुंदाबाईच्या चक्कीवर अख्ख्या गल्लीचं दळण येतं आणि दळणाबरोबर गल्लीची बित्तंबातमीही येते. कुणाची सून रुसली, कुणाच्या जावयाची बदली झाली, सगळं तिला ठाऊक. एका पोरीचं तेवढं काही कळत नाही आणि ती पोरगी तिची स्वतःची.

भूमिका अकरावीला. सकाळच्या गाडीनं भुसावळला कॉलेजात जाते, संध्याकाळी येते, जेवते आणि फोन घेऊन आतल्या खोलीचं दार लोटून घेते. "काय केलं व आज?" असं कुंदाबाईनं विचारायचं, "काही नाही," असं भूमीनं म्हणायचं. कॉलेज लागल्यापासून हेच. आधी हीच पोर चक्कीच्या घरघरीवर आवाज चढवून शाळेतलं सांगत बसायची, 'गप बस आता' म्हणावं लागायचं. त्या 'गप बस'चा आता कुंदाबाईला फार पस्तावा होतो.

एक दिवस शेजारची बेबाबाई, गल्लीचे ब्लाउज शिवणारी, फोन नाचवत आली. "भूमीचं स्टेटस पाह्यलं का व?"

कुंदाबाईच्या फोनमध्ये काहीच नव्हतं. पीठ गेलं असेल म्हणून तिनं तो पदरानं पुसला.

"तुह्यापासून लपवलं असीन तिनं," बेबाबाई फटकन बोलून गेली.

कुंदाबाईला लागलं, चांगलंच लागलं. पण बेबाबाईच्या फोनमधल्या फोटोत भूमी मैत्रिणींच्या घोळक्यात खदखदून हसत होती. ते हसू बघायला कुंदाबाई अपमान गिळून रोज बेबाबाईच्या दारात जाऊ लागली.

महिनाभर चाललं. मग कुंदाबाईला राहवलं नाही. जेवताना म्हणाली, "निळ्या ओढणीत भारी दिसत होती व तू."

ओढणी मैत्रिणीची होती, फोटोपुरती गळ्यात घेतलेली. भूमीचा घास हातातच राहिला. "कुठे पाहिलंस?"

कुंदाबाईनं भाजीचं पातेलं पुढं सरकवलं. भूमी ताटावरून उठून गेली.

दुसऱ्या दिवसापासून बेबाबाईच्या फोनमधूनही भूमी गेली.

पंधरा दिवसांनी गल्लीतल्या शेवंताबाई कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी ज्वारी-उडदाचा डबा घेऊन आल्या. "भूमी कबड्डीची कप्तान झाली म्हनतात. पेढे कधी?"

"देते नं," कुंदाबाई म्हणाली. "मलेच तं पयले सांगलं तिनं."

आणि शेवंताबाईंनी पुढचं काही विचारू नये म्हणून तिनं घाईघाईनं चक्की सुरू केली.