गरम, थंड, बंद

शहापूरच्या मोटारसायकलींच्या शोरूममध्ये माझं आणि तिथल्या सेल्समनचं टेबल शेजारी होतं. मी गाड्यांच्या पासिंगचे कागद करायचो, तो गिऱ्हाइकं सांभाळायचा. कॉम्प्युटरमध्ये त्याने माणसांचे चार कप्पे केले होते: नवीन, गरम, थंड आणि बंद. गरमला खुर्ची आणि चहा, थंडला नुसतं पाणी. महिनाभरात गाडी घेतली नाही की माणूस बंद. आमच्याकडे माणूस गाडी आधी भावाला दाखवतो, मग मामाला, आणि भात झोडून झाल्यावर ठरवतो. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "सिस्टीममध्ये बसत नाय," तो मान न वळवता म्हणायचा.

एकदा सापगावचे एक काका आले. वर्षापूर्वी गाडी बघून गेले होते. त्याने नाव टाइप केलं.

"काका, तुमचं नाव बंदमध्ये आहे."

"गाडीचं नाय रे. लेकीचं लगीन हाय. तवा तुमी च्या पाजला, म्हणून बोलवाय आलो."

काकांनी पत्रिका आणि अक्षता त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने कीबोर्डवरच्या अक्षता फुंकून दिल्या, पत्रिका उघडली आणि नवरदेवाचं नाव 'नवीन'मध्ये टाकलं. काका उभेच होते. मी माझी खुर्ची पुढे सरकवली, पण ते न बसताच गेले.

लग्नाला मी एकटाच गेलो. दुसऱ्या दिवशी टेबलाशी पोचतो न पोचतो तोच त्याने विचारलं, "जावयाचा नंबर आणलास ना?"