लाल बटण नसलेली टेप

मशीनचा काउंटर हलत नव्हता. टेप फिरत होती, मोटर ठीक होती, पडद्यावर मात्र नुसत्या मुंग्या. मागे स्टुलावर बसलेले सुखदेवकाका म्हणाले, "चित्र येईन आता. सुरुवातीले थोडी जागा कोरीच सोडत असतीन."

मला कळलं होतं.

नोकरीची सगळी वर्षं मी एका स्टुडिओच्या टेप विभागात काढली. निवृत्तीनंतर वाशीमला दुकान टाकलं. लोक लग्नाच्या जुन्या कॅसेट आणतात, मी त्या पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. काकांनी आणलेली कॅसेट निराळी होती. यू-मॅटिक म्हणतात तिला. जाड पुस्तकाएवढी, फक्त स्टुडिओत वापरायची. घरच्या व्हीसीआरमध्ये ती शिरतही नाही. भंगारात निघालेलं तिचं मशीन मी हौसेनं घेऊन ठेवलंय, म्हणून ते आसेगावहून माझ्याकडे आले होते.

लेबलवर एका जुन्या टीव्ही मालिकेचं नाव होतं. तुम्हाला आठवणार नाही. दोन गोडबोले ठग गावोगाव फिरतात, लोकांना हसत हसत टोप्या घालतात, आणि बघणाऱ्याला त्यांचा रागच येत नाही. मला फार आवडायची. सहा-सात भागांत बंद पडली. पुढच्या भागात तिसरा ठग येणार होता. तो सुखदेवकाकांनी केला होता. शूटिंग झालं, पण भाग लागायच्या आधीच मालिका गुंडाळली. दिग्दर्शकानं ही टेप हातात ठेवली आणि 'तुझं सगळं काम यात आहे' म्हणाला. काका मुंबईहून परतले, एसटीत कंडक्टर झाले. टीव्हीवर त्यांना कोणी पाहिलंच नव्हतं, तेव्हा गावानं त्यांना थापाड्या ठरवून टाकलं. ते नाव अजून सुटलेलं नाही.

येत्या रविवारी समाजमंदिरात पडदा लावून साऱ्या गावाला ही टेप दाखवायची, असं त्यांच्या मुलीनं ठरवलं होतं. सुनंदा शेलूबाजारला शिक्षिका आहे. ती शेजारीच उभी होती.

"काका, बुरशी लागली काय?" तिनं मला विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण कामात खोटं बोलणं मला जमत नाही. मी मशीन उघडलं, हेड पुसलं, माझी एक टेप लावून पाहिली. चित्र स्वच्छ आलं. पुन्हा काकांची लावली. मुंग्या.

"टेप कोरी आहे," मी म्हणालो.

आता हे मी कशावरून म्हणतो? चित्र रेकॉर्ड होताना टेपच्या कडेला एक बारीक सिग्नल उमटत जातो, शिवणीच्या टाक्यांसारखा. त्याला कंट्रोल ट्रॅक म्हणतात. माझ्या मशीनचा काउंटर त्यावरच चालतो. टेप बुरशीनं खराब झाली तर तो अडखळतो, पण मधूनमधून हलतो. इथे शेवटपर्यंत जागचा हलला नाही. या टेपवर एक तर कधी काही रेकॉर्ड झालेलंच नव्हतं, किंवा पुसून साफ करून ती काकांना दिली होती.

काका म्हणाले, "असं नाई होत, भाऊ. त्यानं माह्या हातात देली."

मी कॅसेट उलटी केली. यू-मॅटिकच्या पाठीवर एक लाल बटण असतं. ते काढलं की त्या टेपवर नवं रेकॉर्डिंग होत नाही. महत्त्वाचं काही असलं की आम्ही ते काढून ठेवायचो. या टेपचं बटण काढलेलं होतं. कोऱ्या टेपचं बटण कोणी काढत नाही. टेप भरलेली दिसावी म्हणून कुणीतरी मुद्दाम काढलं होतं, आणि ते स्टुडिओतल्या माणसालाच सुचणार. त्या दिग्दर्शकाचा मला संताप आला.

"तुझे वडील खोटं बोलत नाहीत," मी सुनंदाला म्हणालो. "त्यांना फसवलंय."

"लहानसं बटण हाये, काका. पडलं असन कुठीतरी." तिनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा, खरं सांगा. तुमी होते काय त्याच्यात?"

काका उठले. शर्ट सारखा केला, माझ्यासमोर आले आणि हात जोडून हसले. ते हसू मी तोवर पाहिलेलंच नव्हतं.

"तुमचं आजोळ कोणतं म्हणाले?"

"मानोऱ्याकडचं."

"मंग ते दारात लिंब असलेलं घर काय? तुमच्या आजीच्या हातची भाकर खाल्ली हो मी."

माझा ऊर भरून आला. दारात कडुलिंब होता. त्या भागात तो बहुतेकांच्या दारात असतो, हे मला नंतर सुचलं. ते आजीबद्दल बोलत राहिले, मी मान डोलावत राहिलो. मामाचं घड्याळ असंच होतं म्हणाले, पाहू द्या म्हणाले, मी मनगटावरून काढून दिलं. मग ते दुकानाच्या दारात उभे राहून माझं घड्याळ मला दाखवत होते.

"हा तिसरा ठग," ते म्हणाले. "असाच केला होता."

मी टाळ्या वाजवल्या. इतकं सहज काम त्या मालिकेतल्या दोघांनीही केलं नव्हतं. आता पोरीची खात्री पटली असेल म्हणून मी तिच्याकडे वळलो.

ती रडत होती.

"शाळेत पोट्टे मले थापाड्याची पोरगी म्हणत," ती म्हणाली. "मी भांडत होती त्यायच्यासंग. इतकं सोपं हाये तुमाले, बाबा? आमच्यासमोर बी असंच करून राह्यले काय इतके वर्ष?"

काकांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. मी पुन्हा कंट्रोल ट्रॅक, पुन्हा लाल बटण समजावायला लागलो. माझं बोलणं मलाच वकिली थाटाचं वाटायला लागलं. काकांकडे बघवत नव्हतं.

"रविवारचं काय?" मी विचारलं.

"मशीन बिघडली म्हणून सांगीन लोकायले," सुनंदा म्हणाली.

"नको," काका म्हणाले. "टेप कोरी निघाली म्हणून सांग. खरं हाये थे सांग."

"तुमचं खरं कोण आयकते, बाबा?"

ती बाहेर जाऊन उभी राहिली. काका तिच्या मागे गेले. टेप न्यायला नंतर कोणी आलं नाही.

टेप हातात आली की देणाऱ्याच्या समोरच चालवून बघावी, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. काकांना तेव्हा कोणी हे सांगूनही उपयोग नव्हता. त्यांच्याकडे तसलं मशीन नाही, हे देणाऱ्याला पक्कं माहीत होतं.